बालकांना उद्देशून केलेल्या जाहिराती आणि राज्याचा निर्बंधाधिकार

आरोग्यास अपायकारक अशा पदार्थांच्या जाहिराती मुलांच्या दृष्टीस पडू नयेत, याविषयी फारसा मतभेद आढळत नाही. मतभेद आहे तो हे कार्य राज्याने करावे किंवा काय, आणि करावयाचे तर कोणत्या तत्त्वाच्या आधारे, याविषयी. प्रश्न वरकरणी आरोग्यनीतीचा दिसला, तरी भारतात त्याचे मूळ स्वरूप घटनात्मक आहे.

औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1954 साली संमत झाला. हमदर्द दवाखाना प्रकरणी त्याची वैधता तपासताना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1959 साली असे ठरविले की, निव्वळ व्यापारवृद्धीसाठी केलेली जाहिरात हा व्यापाराचा भाग होय. विचारप्रसाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण तिला मिळत नाही. या भूमिकेमुळे निर्बंधाचा विचार अनुच्छेद 19 (6) खाली, म्हणजे सर्वसाधारण जनतेच्या हिताच्या व्यापक निकषावर, करता येत असे.

1995 साली टाटा प्रेस प्रकरणी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने वाणिज्यिक अभिव्यक्तीही अनुच्छेद 19 (1) (क) मध्ये अंतर्भूत आहे, असा निर्णय दिला. या निर्णयाचा परिणाम दूरगामी आहे. अभिव्यक्तीवरील निर्बंध अनुच्छेद 19 (2) मध्ये गणलेल्या कारणांसाठीच घालता येतात; आणि त्या गणनेत सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता इत्यादी कारणे असली, तरी सार्वजनिक आरोग्याचा निर्देश नाही. तेव्हा केवळ ‘पदार्थ अपायकारक आहे’ एवढ्या आधारावर त्याच्या सत्य जाहिरातीस मनाई करणे पूर्वीइतके सुलभ राहिले नाही. तथापि, असत्य अथवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे नियमन करण्याचा राज्याचा अधिकार टाटा प्रेस निर्णयानेही मान्य केला आहे. विवेचनाची पुढील दिशा येथेच सापडते.

कॅनडातील क्वेबेक प्रांताने 1980 पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या व्यापारी जाहिरातींवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. एका खेळणी-उत्पादक कंपनीने तिला आव्हान दिले असता, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ती ग्राह्य ठरविली. जाहिरात ही अभिव्यक्ती आहे व बंदीने त्या स्वातंत्र्याचा संकोच होतो, हे बहुमताने नाकारले नाही. परंतु लहान मुलास माहिती आणि मनधरणी यांतील भेद उमगत नाही. म्हणून त्याला उद्देशून केलेली जाहिरात, तिच्यातील प्रत्येक विधान सत्य असले तरी, त्याच्या अजाणतेपणाचा लाभ उठविते, असा त्या युक्तिवादाचा आशय होता. दिशाभूल ही केवळ विधानाच्या असत्यतेत नसून श्रोत्याच्या आकलनशक्तीशी निगडित असते, हे एकदा मान्य केले की भारतीय घटनेच्या चौकटीतही अशा निर्बंधास स्थान मिळते. मिलने ‘ऑन लिबर्टी’ (1859) या ग्रंथात आपला स्वातंत्र्यसिद्धान्त प्रौढबुद्धीच्या व्यक्तींपुरताच मर्यादित ठेवला होता, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

या युक्तिवादाची मर्यादाही स्पष्ट आहे. सोळा वर्षांच्या मुलास जाहिरातीचा हेतू कळतो. त्याच्या बाबतीत अजाणतेपणाचे कारण पुरेसे पडत नाही. तंबाखूपुरते उत्तर निराळे आहे. 2003 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणेच निषिद्ध केले आहे. आणि जो व्यवहार बेकायदेशीर, त्याच्या प्रचारास संरक्षण मागता येत नाही. शर्करायुक्त पेयांची विक्री मात्र कायदेशीर आहे. किशोरवयीनांना उद्देशून केलेली त्यांची जाहिरात हेच सर्वांत कठीण प्रकरण होय.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरणाने जून 2022 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे घोषित केली, त्यांनी मुलांच्या कार्यक्रमांत व मुलांसाठीच असलेल्या वाहिन्यांवर चिप्स, कार्बनयुक्त पेये इत्यादींच्या जाहिरातींस मनाई केली. येथे उणीव आहे ती व्याख्येची. पदार्थांची उदाहरणे दिली आहेत. शर्करा, मीठ व स्निग्धांश यांच्या प्रमाणाची मर्यादा आखलेली नाही. हमदर्द प्रकरणीच न्यायालयाने रोगांची यादी नियमांद्वारे वाढविण्याचा अधिकार, विधिमंडळाने कोणताही निकष न दिल्याच्या कारणास्तव, रद्द केला होता, याचे विस्मरण होता कामा नये. याउलट चिली देशाने 2016 पासून अमलात आणलेल्या कायद्यानुसार ऊर्जा, शर्करा, सोडियम व संपृक्त स्निग्धांश यांच्या संख्यात्मक मर्यादा निश्चित केल्या, आणि त्या ओलांडणाऱ्या पदार्थांच्या, चौदा वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या जाहिराती बंद केल्या.

निर्बंध परिणामकारक ठरतो काय, हा प्रश्न उरतो. क्वेबेकमधील इंग्रजी भाषक मुले शेजारच्या प्रांताची व अमेरिकेची दूरचित्रवाणी पाहत असल्याने बंदीचा प्रभाव मुख्यतः फ्रेंच भाषक कुटुंबांवर पडला. या भेदाचा उपयोग करून झालेल्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रेंच भाषक कुटुंबांतील तयार खाद्यपदार्थांची खरेदी तुलनेने कमी आढळली. याच उदाहरणातून हेही सिद्ध होते की, एका माध्यमापुरता किंवा एका प्रदेशापुरता निर्बंध सहज निसटतो.

सारांश, लहान मुलांच्या बाबतीत राज्याचा निर्बंधाधिकार तत्त्वतः समर्थनीय आहे. परंतु त्याची निश्चिती संख्यात्मक निकषांसह विधिमंडळाने करावयास हवी. किशोरवयीनांच्या बाबतीत सरसकट मनाईपेक्षा वेष्टनावरील ठळक इशारा हा घटनेशी अधिक सुसंगत मार्ग ठरतो; कारण तो अभिव्यक्तीचा संकोच न करता तिच्यात उणे असलेले सत्य जोडतो.