साठा नाही, साचा नाही

कापूस विकून आलेला पैसा सोन्यात घालायचा, ही आपल्या यवतमाळ भागातली जुनी रीत. बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी असे गिऱ्हाईक पूर्वी सोनाराच्या समोर बसून दागिना घडवून घेत असे. आता ते तयार माल पाहून पसंत करते, आणि तो माल बहुधा मोठ्या शहरात साच्यात ओतून शेकड्याने निघालेला असतो. हाताने घडवणाऱ्याच्या वाट्याला डाग लावणे, कडी बसवणे, जुने उजळून देणे एवढेच काम उरत चालले आहे. अशा कारागिराने करावे तरी काय, असे आम्हाला विचारले जाते. म्हणून मुंबईच्या विरेन भगत यांची कामाची पद्धत येथे सांगतो.

भगत हे जवाहिऱ्यांच्या घराण्यातील चौथ्या पिढीचे. धंदा वडिलोपार्जित, पण वाट स्वतःची. एक नमुना एकदाच घडवायचा, हा त्यांचा नियम. वर्षाला शंभराच्या आतच दागिने तयार होतात. दुकानात माल भरून ठेवणे नाही आणि खपलेला नमुना पुन्हा काढणेही नाही.

काम सुरू होते कागद-पेन्सिलीवर. ते स्वतः हाताने चित्र काढतात. खडा कसा आहे ते आधी पाहतात आणि त्याला शोभेल असा दागिना मग ठरतो. मोगल इमारतींची जाळी, कमान, कमळ हे आकार त्यांच्या कामात दिसतात. मात्र ते जुन्या दागिन्याची नक्कल करीत नाहीत. जुन्या कुंदनकामात शुद्ध सोन्याची पातळ पट्टी खड्याभोवती दाबून बसवतात, त्यामुळे सोने ठळक दिसते. भगत प्लॅटिनमची इतकी बारीक बैठक करतात की धातू जवळजवळ दिसतच नाही. चपटे हिरे अधांतरी बसल्यासारखे वाटतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २०१४ साली कतारच्या अल थानी संग्रहातील भारतीय जवाहीर मांडले गेले, तेव्हा मोगल काळातील वस्तूंबरोबर त्यांचे दागिनेही होते.

व्यापाराच्या दृष्टीने आम्हाला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या दागिन्यात धातू कमीत कमी, त्याची किंमत वजनावर ठरू शकत नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक सोन्याचा भाव मुकाट्याने देते आणि घासाघीस करते ती घडणावळीवर! आठ दिवसांची मेहनत तेथेच मारली जाते. साच्यातला माल स्वस्त घडणावळीत मिळतो. त्याच्याशी भावात स्पर्धा करणारा कारागीर हरणारच.

भगत यांचे गिऱ्हाईक जगातील श्रीमंत. त्यांचे हिरे आणि भांडवल बाभुळगावी कोठून येणार? पण चित्रांची वही ठेवायला भांडवल लागत नाही. चांदीत, थोड्या वजनात, आपलाच एक नमुना घडवून घडणावळ आधी बोलून घेता येते. आम्ही तर म्हणू, वर्षात असे चार दागिने गेले तरी पुष्कळ.

हॉलमार्कची धास्ती अनेकांना आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने ही सक्ती आली. मात्र त्या वेळी वर्षाला ४० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफांना सूट दिली गेली, आणि कुंदन, पोलकी व जडाऊ काम तर सक्तीतून वगळलेच गेले.