मुरलेलं तंत्र, नवा प्रश्न : गुनपेई योकोई

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की पहिली धास्ती 'नॉव्हेल्टी'ची. मग आपण सगळ्यात नवं उपकरण, सगळ्यात नवी पद्धत शोधत सुटतो. मीही पीएचडीच्या पहिल्या वर्षातले कित्येक महिने असेच घालवले. गुनपेई योकोई यांच्याबद्दल तेव्हा वाचलं असतं तर बरं झालं असतं.

योकोई मूळचे क्योटोचे. इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ मध्ये निन्टेन्डोत लागले. तेव्हा ही कंपनी पत्ते बनवायची आणि त्यांचं काम होतं पत्त्यांची यंत्रं चालू ठेवणं. कामावर वेळ जाईना म्हणून त्यांनी लांब होणारा, वस्तू पकडणारा एक हात बनवला. अध्यक्ष यामाउचींच्या नजरेस तो पडला. त्यांनी रागावण्याऐवजी तो थेट बाजारातच आणायला लावला! 'अल्ट्रा हँड' दहा लाखांहून जास्त खपला.

त्यांचं सूत्र शब्दशः सांगायचं तर 'वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार'. इथे वाळलेलं म्हणजे टाकाऊ नव्हे. लोणच्यासारखं मुरलेलं म्हणा. स्वस्त झालेलं, सगळ्या खोड्या माहीत असलेलं. आडवा विचार म्हणजे ते भलत्याच कामाला लावणं. बुलेट ट्रेनमध्ये एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ काढताना त्यांना दिसला. कॅल्क्युलेटरचे पडदे आणि चिप तोवर स्वस्त झाले होते. त्यातून १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आला. त्याच मालिकेतल्या १९८२ च्या 'डाँकी काँग'साठी त्यांनी अधिक चिन्हासारखं बटण केलं. आजही कंट्रोलरवर ते असतंच.

१९८९ चा 'गेम बॉय' हे याचं ठळक उदाहरण. रंग नाहीत, पडद्यामागे दिवा नाही. (श्रेय अर्थात त्यांच्या एकट्याचं नाही, सातोरू ओकादा आणि इतर सहकारी होतेच.) पुढच्याच वर्षी सेगाचा रंगीत 'गेम गिअर' आला. तो सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चालायचा. बाहेर खेळणाऱ्याला काय हवं, हा प्रश्न योकोईंनी बरोबर ओळखला होता. रंगीत आवृत्ती धरून गेम बॉय ११ कोटींहून जास्त विकले गेले.

पण १९९५ चा 'व्हर्च्युअल बॉय' बघा. सूत्र तेच: स्वस्त, कमी वीज खाणारे लाल एलईडी. मात्र टेबलावरच्या खोक्यात डोळे घालून लाल-काळं त्रिमितीय चित्र बघायला कोणाला आवडेल, याचं नीट उत्तर नव्हतं. वर्षभरात ते बंद पडलं. मला वाटतं, प्रपोजल लिहिणाऱ्याने गेम बॉयपेक्षा हेच उदाहरण जास्त अभ्यासावं. साधन मुरलेलं असलं तरी प्रश्न कच्चा राहू शकतो.

१९९६ मध्ये योकोईंनी निन्टेन्डो सोडून 'कोतो' ही कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. त्यांनी हातभार लावलेला बंदाईचा 'वंडरस्वान' १९९९ मध्ये आला. कृष्णधवल पडद्याचा, आणि एकाच पेन्सिल सेलवर चालणारा.