घरी आलेली आजारी पाखरे

मोरजीच्या किनाऱ्याला पाखरांचे अप्रूप नाही. थंडी पडू लागली की शापोरा नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर कुरव आणि सुरय यांचे थवे उतरतात, आणि गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मंडळी दूरदूरहून त्यांच्या दर्शनाला येतात. एवढे मोकळे आकाश दाराशी असूनही आमच्या पेडणे महालात पडवीत पिंजरा टांगण्याची हौस जुनीच आहे. पूर्वी त्या पिंजऱ्यात कीर असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडचा कीर पाळण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. कीर गेला, त्याच्या जागी हिरवीनिळी चिमुकली बजरीगरे आली. आपल्याकडे त्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. हे पाखरू ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांतले आणि लांब शेपटीचे. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये ती प्रथम जिवंत इंग्लंडात नेली. रानातले बजरीगर हिरवेपिवळेच असते. निळी, पांढरी, जांभळट ही सारी पुढे पैदास करताना निघालेली रूपे.

पाखराच्या या मूळ वतनाचा आणि त्याच्या आजारपणाचा निकटचा संबंध आहे. तीस ते चाळीस ग्रॅम वजनाचा हा जीव थव्यात राहतो. थव्यातले जे पाखरू दुबळे दिसेल त्यावर ससाण्याची झडप प्रथम पडते. म्हणून आजार लपविणे ही त्याची उपजत विद्या आहे. ताकद उरली आहे तोवर ते दांडीवर ताठ बसते, दाणे टिपल्यासारखे करते, माणूस जवळ आला की पिसे आवरून घेते. ‘काल संध्याकाळपर्यंत चांगले होते हो, आणि सकाळी तळाशी पडलेले!’ असे आपण ऐकतो, तेव्हा ते बहुधा आठपंधरा दिवस आजारीच असते. विकत आणलेल्या नव्या पाखरांच्या बाबतीत तर हे विशेष खरे. जन्मस्थानापासून दुकानापर्यंतचा प्रवास, एका पिंजऱ्यात चाळीसपन्नास अनोळखी पाखरांची दाटी, बदललेले दाणापाणी, या साऱ्यांनी अंगात दबून राहिलेला रोग वर येतो. आणि तो वर येईतो पाखरू तुमच्या घरी पोचलेले असते. दुकानदार लबाडच असतो असे नव्हे. पुष्कळदा त्यालाही ते दिसलेले नसते.

गेल्या एका आषाढात नातवंडांच्या हट्टापायी आमच्या घरी अशीच एक जोडी आली. घरात सहा वर्षांचा एक जुना नर होता, तो पडवीत. म्हणून नवी जोडी माडीवरच्या खोलीत, दार लावून. नवे पाखरू जुन्यापासून निदान तीस दिवस, जमल्यास पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे, हा नियम पक्षिवैद्य एकमुखाने सांगतात. एकाच खोलीत दोन पिंजरे दूर ठेवणे म्हणजे वेगळे ठेवणे नव्हे. पिसांची आणि वाळलेल्या शिटेची धूळ हवेतून फिरते. दाणापाणीही आधी जुन्या पाखराला, मग नव्यांना, आणि खाली येताना हात साबणाने धुऊन. मुलांना हा विटाळ थोडा जाचक वाटला, पण आजीबाईंना तो तत्काळ पटला.

या दिवसांत करायचे ते मुख्यतः निरीक्षण, आणि त्याला साधने घरचीच लागतात. पहिले म्हणजे ग्रॅम दाखविणारा स्वयंपाकघरातला काटा. रोज सकाळी, दाणे घालण्यापूर्वी, पाखरू लहान डब्यात घालून वजन घ्यावे आणि वहीत मांडावे. डोळ्याला काही दिसण्यापूर्वी काटा बोलतो. पस्तीस ग्रॅमच्या पाखराचे तीनचार ग्रॅम उतरले, म्हणजे माणसाचे सहासात किलो उतरल्यासारखे आहे. दुसरे साधन पिंजऱ्याच्या तळाशी घालण्याचा पांढरा कोरा कागद. निरोगी शीट घट्ट असते: गडद हिरवट भाग, त्यावर पांढरा ठिपका. ती पातळ पाण्यासारखी झाली, भडक हिरवी झाली, तिच्यात अख्खे दाणे दिसू लागले किंवा तिची संख्याच एकाएकी घटली, तर काही बिनसले आहे. तिसरी गोष्ट साधनाची नाही, फुंकरीची आहे. बजरीगर दाणा सोलून खाते आणि टरफल वाटीतच टाकते. वरून पाहणाऱ्याला वाटी भरलेली दिसते आणि पाखरू तिच्यापुढे उपाशी बसलेले असते. रोज फुंकर मारून टरफले उडवावीत, मग वाटीत खरोखर काय उरले आहे ते कळते.

आमच्या जोडीतली मादी पाचव्या दिवशी दुपारी पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसलेली दिसली. बारकाईने पाहिले तेव्हा प्रत्येक श्वासागणिक तिची शेपटी खालीवर होत होती. वहीत तेहतीसचे एकोणतीस झाले होते. नराचे वजन टिकून होते, मात्र त्याच्या चोचीच्या कोपऱ्याशी मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र, भुरकट खपली धरू लागली होती.

आजारी पाखराला पहिले औषध ऊब. निरोगी पाखराच्या अंगाची उष्णता एकेचाळीस अंशांच्या आसपास असते. खाणे कमी झाले की ती राखणे जड जाते, म्हणून ते पिसे फुलवते. मोरजीत थंडी ती काय, असे कोणी म्हणेल. पण आषाढातला तो ओला, खारा वारा, भिंतींना सुटलेली ओल आणि चार दिवस न दिसलेले ऊन, हे तीस ग्रॅमच्या जिवाला पुरेसे आहे. पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंना जाड चादर, आणि एका अंगाला बाहेरून जुन्या पद्धतीचा तापणारा दिवा, असे करून आतली हवा तीस अंशांच्या जवळ ठेवावी. दिवा एकाच अंगाला हवा, म्हणजे उकडल्यास पाखराला दुसरीकडे सरकता येते. पावसाळ्यात वीज जाणारच; तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवावी. दांड्या खाली उतरवाव्यात, दाणापाणी तोंडाशी ठेवावे.

ही झाली घरची शुश्रूषा. तिने वेळ मिळतो, रोग बरा होत नाही. खेड्यापाड्यांतल्या पशुवैद्यांचा दिवस गाईम्हशी, कुत्री आणि कोंबड्या यांत जातो. पिंजऱ्यातल्या पाखरांचा अनुभव असलेला वैद्य शोधावा लागतो, आणि तो शोध पाखरू आजारी पडण्यापूर्वी करून ठेवणे शहाणपणाचे. आम्ही दुसऱ्या सकाळी झाकलेला पिंजरा घेऊन पणजीची वाट धरली. तळाचा कागद बदलला नव्हता. वैद्याला तोच प्रथम पाहायचा असतो.

त्यांनी सांगितलेला संशय ‘सिट्टाकोसिस’ या रोगाचा होता. मराठीत त्याला पोपटताप म्हणता येईल. हा जंतू पाखरांकडून माणसाला जडतो, म्हणून त्याची थोडी हकिगत येथे देणे अगत्याचे आहे. १९२९-३० च्या हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतून निघालेल्या पोपटांबरोबर तो अनेक देशांत पसरला. एकट्या अमेरिकेत १६९ जणांना लागण होऊन ३३ दगावले. वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत त्याचा शोध घेणारे डॉ. चार्ल्स आर्मस्ट्राँग स्वतः आजारी पडून वाचले, त्यांचे सहायक मात्र दगावले. त्यानंतर कॅलिफोर्नियात कार्ल मायर यांनी घरोघरच्या परसात पैदास होणारी बजरीगरे तपासली, तेव्हा वरकरणी धडधाकट दिसणारी कित्येक पाखरे हा जंतू बाळगून असल्याचे उघड झाले. दाटी, प्रवास, उपासमार झाली की अशी पाखरे तो शिटेतून बाहेर टाकू लागतात. तेव्हा हातात औषध नव्हते. आज डॉक्सिसायक्लीन आहे, आणि वेळेवर दिल्यास माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. अडचण निदानाची आहे. ताप, जबर डोकेदुखी, कोरडा खोकला ही लक्षणे आमच्याकडे पावसाळ्यात डेंग्यूच्या किंवा उंदीरतापाच्या खात्यावर सहज जमा होतात. घरात पाखरू असेल आणि कोणाला असा ताप आला, तर ‘आमच्याकडे नवी पाखरे आली आहेत’ हे एक वाक्य डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. ते विचारतीलच असे नाही.

आमच्या आजीबाईंना दमा आहे. त्या दिवसापासून त्यांना माडी बंद झाली. खोली झाडणे बंद. कागदावर आधी पाणी शिंपडून, धूळ न उडवता तो गुंडाळून काढायचा, तोंडाला फडके बांधायचे, मग ब्लीचिंग पावडरीच्या पातळ पाण्याने जागा पुसून खिडक्या उघडायच्या, आणि तेवढा वेळ पिंजरा लगतच्या खोलीत. मुलांना दारातूनच दर्शन.

औषध दोन्ही पाखरांना, पंचेचाळीस दिवस, वजनावरून मोजलेले, थेट चोचीत. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुकानांत पाण्यात मिसळायची पिवळी पूड मिळते आणि पुष्कळजण तीच प्रथम घालतात. वाळवंटी प्रदेशातले हे पाखरू मुळात पाणी कमी पिते, कडू पाणी त्याहून कमी, आणि आजारी असले तर जवळजवळ नाहीच. पोटात औषध किती गेले हे कोणालाच सांगता येत नाही. जंतू मात्र त्या औषधाला सरावतो. थेंब पाजण्याची रीत वैद्याकडून हाती शिकून घ्यावी. पाखराला मऊ फडक्यात धरावे, मान दोन बोटांत, पण छाती मोकळी. आपल्यासारखे श्वासपटल त्याला नसते, छाती हलली तरच श्वास चालतो. घट्ट मूठ आवळली तर ते हातातच गुदमरते. थेंब चोचीच्या कडेने, हळूहळू. आणि हे औषध चालू असेतो समुद्रफेस पिंजऱ्यातून काढून ठेवायचा, कारण चुना या औषधाला अंगी लागू देत नाही.

नराच्या खपल्या हा निराळा विकार. कातडीत बिळे करणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांची ती करणी. वैद्यांनी मानेच्या कातडीवर आयव्हरमेक्टिनचा थेंब घातला, पंधरा दिवसांनी पुन्हा एक. हे औषध गुराढोरांसाठीही मिळते, म्हणून ते घरच्या घरी पातळ करण्याचा मोह होतो. तीस ग्रॅमच्या पाखराला थोडासा जास्त अंश प्राणघातक ठरतो. तो मोह आवरावा.

एवढ्यात शेजारधर्म जागा झालाच. “काकी, खोबरेल तेल चोळा,” असे एकीने सुचविले. तेलाने पिसे चिकटली की ऊब जाते. दुसऱ्या एका गृहस्थांनी फेणीचा थेंब पाजण्याचा आग्रह केला, तो त्यांच्यापाशीच राहू दिला. आणि अनेकांनी कळवळून म्हटले, “सोडून द्या हो, मोकळ्या हवेत तरी मरेल.” या दयेविषयी आमचे मत कठोर आहे. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात निपजलेल्या, दाणा कोठे मिळतो हे ठाऊक नसलेल्या आजारी पाखराला मोरजीच्या माडांत सोडणे म्हणजे कावळ्यांच्या पंगतीला वाढणे. रोग असेल तर तोही आपण रानात सोडतो.

मादी नवव्या रात्री गेली. औषधाला लागू पडण्याइतका वेळ तिच्या अंगात उरला नव्हता. मुले रडली, परसात खोल खड्डा करून तिला पुरले आणि नराची वही पुढे चालू ठेवली.

त्याच्या आहाराकडे मग अधिक लक्ष गेले. नुसत्या राळ्या-बाजरीवर वाढलेल्या पाखरांना ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते, आयोडीनही. श्वासाचे कित्येक विकार तेथूनच सुरू होतात. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेले गाजर, तांबडा भोपळा हे सारे धुऊन, थोडे थोडे द्यावे. नवे पाखरू पाला ओळखत नाही; आठ दिवस रोज टांगावा, नवव्या दिवशी ते चोच लावते. दाणे जिवंत आहेत की नाहीत हे पाहायला चमचाभर भिजवून मोड आणावेत. बहुतेकांना मोड आले नाहीत तर ते जुने. आमच्या दमट हवेत बुरशी ही मोठी वैरीण आहे. वास आला की अख्खा डबा टाकावा, ऊन दाखवून वापरू नये. समुद्रफेस मात्र आम्हांला विकत घ्यावा लागत नाही. माकुलाचे ते पांढरे, हलके हाड वाळूत सापडते. गोड्या पाण्यात काही दिवस, रोज पाणी बदलत भिजवावे, उकळावे, कडक वाळवावे. एवोकॅडो, चॉकलेट आणि खारट फरसाण यांना पिंजऱ्यापाशी मज्जाव.

समुद्राजवळच्या घरांना आणखी एक पथ्य आहे. खाऱ्या वाऱ्याने जस्ताचा मुलामा उडतो, पाखरू तो चोचीने कुरतडते, आणि जस्त त्याला विष आहे. पोलादी, न गंजणारा पिंजरा महाग खरा, पण एकदाच घ्यावा लागतो. पिंजरा स्वयंपाकघरात तर कधीच नको. न चिकटणारे तवे रिकामे तापले की त्यांतून निघणाऱ्या वाफेने पाखरू काही मिनिटांत मरते. आपल्याला वासही येत नाही. धूप, उदबत्ती, डासांची वेटोळी यांचा धूर त्याच पंक्तीतला. चवथीच्या दिवसांत पिंजरा देवाच्या खोलीपासून लांब न्यावा, आणि दिवाळीच्या पहाटे नरकासुर जळत असताना खिडकी लावून, पिंजऱ्यापाशी मंद दिवा ठेवावा. अंधारात दचकून भडकलेले पाखरू स्वतःचे पंख मोडून घेते.

नराचा शेवटचा थेंब भाद्रपदात पडला. खपल्या झडून चोच स्वच्छ झाली होती. वैद्यांनी पुन्हा तपासले, आणखी पंधरा दिवस वेगळे ठेवायला सांगितले. त्यानंतर दोन्ही पिंजरे आठवडाभर शेजारी शेजारी, मग एकत्र. माडीवर एकट्याने दोन महिने काढलेले ते पाखरू खाली पडवीत आणले, तेव्हा जुन्याने बराच वेळ टक लावून पाहिले आणि मग पाठ फिरवून दाणे टिपू लागला. तिसऱ्या दिवशी मात्र दोघेही गजांच्या दोन बाजूंना एकाच उंचीवर बसलेले होते. वहीतले त्या दिवशीचे वजन छत्तीस ग्रॅम.