विश्लेषण : जनुक बदलून आजार बरा होतो, मग भ्रूणात बदलाला बंदी का?
‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत धाराशिवसोबत असलेल्या नंदुरबार, गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. एका जनुकातील बिघाडाने होणाऱ्या या आजारावर आता जनुक संपादनाचा उपचार आला आहे.

उपचार कसा?
रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून, ‘क्रिस्पर’ तंत्राने बदलून पुन्हा शरीरात सोडतात. बदल त्या रुग्णापुरताच राहतो. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा पहिल्या उपचाराला मान्यता दिली.

बंदी कशाला?
भ्रूणातील बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो. चूक झाल्यास ती नातवंडांनाही भोगावी लागते. त्यांची संमती कोण घेणार? चीनचे हे जियानकुई यांनी २०१८ मध्ये असा प्रयोग जाहीर केला. त्यांना तीन वर्षांची कैद झाली. आयसीएमआरच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतातही याला मनाई आहे.

परवडणार कोणाला?
अमेरिकेत उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. स्वस्त पर्याय म्हणून दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ने ‘बिरसा १०१’ विकसित केला असून तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिले आहे.

तोवर काय?
लग्नाआधी रक्ततपासणी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.