हिशेब वाचण्याची विद्या

या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत मराठीच्या एका जुन्या अध्यापकाने पुस्तपालन व लेखाकर्म या विषयावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. तरीही हा विषय मी मागून घेतला. आपल्या शाळेतून दहावी उत्तीर्ण होणारी अनेक मुले वाणिज्य शाखेकडे वळतात आणि त्यांचे पालक मला विचारतात, "सर, या क्षेत्रात पुढे यायचे तर कोणता अभ्यासक्रम घ्यावा? संगणकावर काय शिकावे?" दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, परंतु त्यांच्या आधीचा प्रश्न असा की, हिशेब वाचता येतो काय?

मला तो येत नव्हता, हे आरंभीच कबूल करतो. एका पतसंस्थेचा मी अनेक वर्षे सभासद होतो. वार्षिक सभेत ताळेबंद 'वाचला आहे असे समजून' मंजूर होई आणि शब्दांवर आयुष्य काढलेला मीही हात वर करीत असे. एका वर्षी एका तरुण सभासद मुलीने उभे राहून विचारले, "नफा दिसतो, लाभांशही वाटला, मग रोख शिल्लक का घटली?" अध्यक्षांनी हसून पुढचा विषय घेतला. दोन वर्षांनी संस्थेचे व्यवहार थांबले आणि कित्येक निवृत्तांची पुंजी तेथे अडकली. कर्जदारांकडून न आलेले व्याज उत्पन्न म्हणून धरले गेले होते. नफा कागदावर होता, तिजोरीत नव्हता. त्या मुलीपाशी जे होते, त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

पहिली गोष्ट मूलतत्त्वांची. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन केले. ती त्याने शोधली नव्हती. तेथील व्यापाऱ्यांच्या वहिवाटीतून घेतली होती. प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा पडतो, म्हणून तेरीज जुळलीच पाहिजे. ती न जुळल्यास अनुभवी हिशेबनीस फरकाला नऊने भागून पाहतो. निःशेष भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा; ४,६५० ऐवजी ४,५६० लिहिले, तर फरक ९० येतो. मात्र तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असे नव्हे. रक्कम भलत्याच खात्यात पडली, तरीही ती जुळते.

दुसरी गोष्ट शंका घेण्याची. आपल्याच हैदराबादेत ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या अध्यक्षांनी पत्राद्वारे कबूल केले की, पुस्तकांत दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. बँकेतील शिलकेची खातरजमा लेखापरीक्षकाने थेट बँकेकडून करून घ्यावयाची असते. संस्थेने पुढे केलेला कागद पुरेसा नसतो. हे विचारण्यास बुद्धीपेक्षा धैर्य अधिक लागते.

तिसरी गोष्ट नोंदीच्या शुचितेची. वहीत खाडाखोड करू नये, चुकलेली नोंद वाचता येईल अशी ठेवून दुरुस्ती स्वतंत्रपणे दाखवावी, हा जुना दंडक आहे. आज टॅली आणि एक्सेल सराईतपणे हाताळता आले पाहिजेत आणि १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराची विवरणपत्रेही भरता आली पाहिजेत. परंतु दंडक तोच राहिला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखाप्रणालीत प्रत्येक फेरफाराचा तारखेसह माग राहणे कायद्याने आवश्यक झाले आहे.

चौथी गोष्ट भाषेची, आणि येथे मी माझ्या अंगणात येतो. आकड्यांचा अर्थ ज्याला हिशेब कळत नाही त्याला सांगता आला, तरच तो आपल्याला कळला म्हणावयाचा. अहवाल बहुधा इंग्रजीत लिहावा लागतो; दुकानदाराशी मात्र तेलुगू, उर्दू वा हिंदीत बोलावे लागते. घरी मराठी आणि रस्त्यावर या साऱ्या भाषा ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांची ही जमेची बाजू आहे. इंग्रजी कष्टाने येते. तिचे भय बाळगू नये.

विद्यार्थ्यांना एक साधा अभ्यास सुचवितो. कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यावा. प्रथम नफा पाहावा, मग रोख प्रवाह पत्रक पाहावे. दोहोंत तफावत असेल, तर ती का आहे हे दहा ओळींत आधी मराठीत आणि नंतर इंग्रजीत लिहावे. महिन्याला एक अहवाल वाचला, तरी वर्षाअखेर दृष्टी बदलेल.

त्या सभेत त्या मुलीच्या प्रश्नाला एकानेही साथ दिली नाही. त्या गप्प बसणाऱ्यांत मी होतो. आपल्या शाळेतून असे प्रश्न विचारणारी मुले बाहेर पडोत आणि आम्हा वडीलधाऱ्यांना त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची बुद्धी होवो, एवढीच प्रार्थना.