पितळी बर्नर आणि गॅसची बचत

जुनी शेगडी बदलताना मध्यम किमतीच्या शेगड्यांमधली निवड बहुतेक वेळा बर्नरच्या वजनावर होते. गिऱ्हाईक बर्नरची टोपी उचलून तळहातावर तोलते, दुकानदार ‘अस्सल पितळ आहे, गॅस वाचेल’ म्हणतो आणि सौदा ठरतो. पितळाचा आणि गॅस वाचण्याचा असा थेट संबंध नाही. तरी ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की शेगडीवर तारांकनाचे लेबल चिकटवलेले असले तरी ते कोणी वाचत नाही.

पितळाचा खरा गुण टिकाऊपणाचा. दूध उतू गेले, डाळीचे पाणी सांडले, तरी ते लोखंडासारखे गंजत नाही. गॅस किती लागेल हे मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरते: जेटमधून सुटणाऱ्या गॅसमध्ये हवा किती मिसळते, छिद्रांची मांडणी कशी आहे आणि भांडे ज्योतीपासून किती उंचीवर बसते. भांडे फार उंच असेल तर उष्णता बाजूने निसटते. फार खाली असेल तर ज्योतीला हवा पुरत नाही आणि बुडाला काजळी धरते.

हे सगळे मोजता येते. एलपीजी शेगड्यांसाठीच्या आयएस ४२४६ या भारतीय मानकातल्या चाचणीत ॲल्युमिनियमच्या भांड्यातले पाणी ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि जळालेल्या गॅसची किती उष्णता पाण्यात उतरली ते काढतात. किमान ६८ टक्के उतरावी लागते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या (बीईई) तारांकनात एक तारा ६८ टक्क्यांपासून सुरू होतो, तर पाच ताऱ्यांसाठी ७६ टक्के लागतात. या दोन टोकांमधला फरक १४.२ किलोच्या सिलिंडरमागे सुमारे दीड किलो गॅसचा आहे. टोपी कितीही तोलली तरी तो हाताला कळायचा नाही.

चार बर्नर म्हणजे दुप्पट वेग, हाही असाच हिशेब. बर्नरमधले अंतर कमी असेल तर कुकर आणि पोळीचा तवा ठेवल्यावर उरलेल्या दोन बर्नरवर चहाचे पातेलेच काय ते बसते. काचेची शेगडी आपोआप फुटते असे म्हणतात. बहुधा कारण असते तापल्या काचेवर फिरवलेले ओले फडके, कडेला बसलेला टोला किंवा ज्योतीची धग खाली दाबणारे अवाढव्य भांडे. शेगडी नवी घेतली तरी जुनी नळी चालते, हेही खरे नाही: नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. पाइपचा गॅस आला म्हणून शेगडी टाकावी लागतेच असे नाही. नैसर्गिक वायूत तेवढ्याच आकारमानात एलपीजीच्या निम्म्याहून कमी उष्णता असते, म्हणून मोठ्या छिद्राचे जेट लागतात. ते गॅस कंपनीचा माणूस बसवतो. सुईने जुने भोक मोठे करणे हा उपाय नव्हे.

इंडक्शनने विजेचे बिल भरमसाट येते, ही भीती अर्धीच खरी. एका सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट ऊर्जा असते. ६८ टक्क्यांच्या शेगडीवर त्यातली १२२ भांड्यात उतरते. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर तेच काम साधारण १४५ युनिटांत होते. सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागून येणारा आकडा विजेच्या दराशी ताडून पाहावा. मात्र दर सरासरी धरू नये. महावितरणचे स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि इंडक्शनची युनिटे घरच्या नेहमीच्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना वरच्या स्लॅबचा दर लागतो.