विश्लेषण : दीडशे वर्षांपूर्वीची मूठ आजच्या हाताला का टोचते?

अमेरिकेतील शूटिंग रेंजवर हमखास दिसणारे दृश्य. कुणी तरी हौसेने .४४ मॅग्नमचे सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर विकत घेतलेले असते. पहिल्या सहा गोळ्या झाडून होतात आणि गडी लक्ष्याकडे बघायचे सोडून स्वतःच्या मधल्या बोटाकडे बघत उभा राहतो. सांध्यावरची साल निघालेली. पुढच्या वेळी ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटतात, मनगट आखडते आणि गोळी खाली जाते. काही महिन्यांत तेच रिव्हॉल्व्हर ‘फारसे न वापरलेले’ म्हणून विकायला निघते.

काडतूस झेपले नाही, असे तो सगळ्यांना सांगतो. अनेकदा ते खरे नसते. त्याला झेपलेली नसते ती मूठ.

सिंगल ॲक्शन म्हणजे नेमके काय?

या रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगरला एकच काम असते, मागे ओढून ठेवलेला हॅमर सोडण्याचे. हा हॅमर म्हणजेच बंदुकीचा घोडा. तो प्रत्येक गोळीच्या वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि तो ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकते. डबल ॲक्शनमध्ये ही दोन्ही कामे ट्रिगरच करतो, त्यामुळे तिथे हात एकदा बसला की हलवावा लागत नाही. सिंगल ॲक्शनमध्ये अंगठा दर वेळी वर जातो, हॅमर ओढतो, परत खाली येतो. म्हणजे घट्ट धरायचे आणि तरी हात मोकळा ठेवायचा. मुठीच्या सगळ्या भानगडीचे मूळ इथे आहे.

नांगराच्या मुठीसारखी मूठ

या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर म्हणजे कोल्टचे १८७३ सालचे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’. अमेरिकी लष्कराने ते त्याच वर्षी स्वीकारले. मात्र त्याची मूठ १८७३ची नाही. ती कोल्टच्याच १८५१च्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरवरून जवळपास जशीच्या तशी घेतलेली आहे. अमेरिकेत तिला नांगराची मूठ म्हणतात. आपल्याकडे ज्याला रुमणे म्हणतात त्याच्याशी तिचा बाक तंतोतंत जुळणार नाही, पण कल्पना तीच : वरून हात टाकला की तो आपोआप बसला पाहिजे.

हा बाक केवळ दिसायला सुंदर म्हणून नाही. नळीची रेषा हाताच्या बरीच वर असते. गोळी सुटते तेव्हा मागे येणारा जोर त्या वरच्या रेषेत असतो आणि आपण धरलेले असते खाली. दोन रेषांमधले अंतर म्हणजे तरफेचा हात. पाना जितका लांब तितका नट सहज फिरतो, तसेच इथे होते. रिव्हॉल्व्हर मागे येता येता हातात गोल फिरते आणि नळीचे तोंड आकाशाकडे जाते. नेव्हीची बाकदार, खाली रुंद होत जाणारी मूठ या फिरण्याला विरोध करत नाही. ती तळहातात घसरते, धक्क्याचा काही भाग त्या फिरण्यात खर्ची पडतो आणि हॅमर आपसूक अंगठ्याजवळ येतो. अंगठ्याने तो ओढत रिव्हॉल्व्हर खाली आणायचे की पुढची गोळी तयार. एका हाताने, घोड्यावरून चालवायच्या शस्त्रासाठी ही फार हुशारीची रचना होती.

धक्का मर्यादेत होता तोवर.

धक्का किती वाढला?

त्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. .४४ मॅग्नमच्या चेंबरमध्ये .४४ स्पेशल हे जुने, सौम्य काडतूसही चालते, त्यामुळे एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये दोन्हींची तुलना करता येते. दोन्हींची गोळी साधारण साडेपंधरा-सोळा ग्रॅमची. स्पेशलची गोळी सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने जाते, तर मॅग्नमची ४१० मीटरच्या आसपास. रिव्हॉल्व्हरचे वजन १.३५ किलो धरले तर पहिल्या वेळी ते सेकंदाला अंदाजे २.७ मीटर आणि दुसऱ्या वेळी ४.७ मीटर वेगाने हातावर येते. जळलेल्या पावडरच्या वायूचा जोर यात धरलेला नाही आणि मॅग्नममध्ये पावडर जास्त असल्याने खरा फरक याहून मोठाच असतो. जवळपास दीड किलोचा लोखंडी तुकडा ताशी १७ किलोमीटरने बोटाच्या हाडावर आदळतो असे समजा.

.४४ मॅग्नम बाजारात आले १९५५-५६च्या सुमारास. रुगर कंपनीने १९५५मध्ये .३५७ मॅग्नमसाठी ‘ब्लॅकहॉक’ आणले होते आणि त्याला कोल्टसारखीच मूठ दिली होती. पाठोपाठ तीच मूठ .४४ मॅग्नमलाही मिळाली. अनेकांच्या हातात ती मावेना. म्हणून १९५९मध्ये ‘सुपर ब्लॅकहॉक’ आले. त्याची मूठ लांब, करंगळीलाही जागा देणारी. ट्रिगर गार्ड मात्र जुन्या ‘ड्रॅगून’ रिव्हॉल्व्हरसारखा, मागून चौकोनी.

लेखाच्या सुरुवातीची सोललेली मध्यमा या चौकोनी गार्डची देणगी. करंगळीची सोय झाली आणि मधल्या बोटाची पंचाईत. रिव्हॉल्व्हर मागे येते तेव्हा गार्डची सपाट मागची बाजू थेट त्या बोटाच्या सांध्यावर येते. सगळ्यांनाच हे होते असे नाही. ज्यांचे बोट गार्डपासून थोडे खाली राहते ते वर्षानुवर्षे हेच रिव्हॉल्व्हर आनंदाने वापरतात. पुढे कंपनीने काही मॉडेलवर गोल गार्डही दिला.

बिस्ली : फिरू न देणारी मूठ

याच्या उलट दिशेने विचार कोल्टनेच खूप आधी केला होता. इंग्लंडमधील सरे परगण्यात बिस्ली नावाचे गाव आहे. १८९०पासून ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धा तिथे भरू लागल्या. त्या स्पर्धांमधील नेमबाज डोळ्यांसमोर ठेवून कोल्टने १८९४मध्ये ‘बिस्ली’ मॉडेल काढले. त्याची मूठ मागून जास्त वर चढते, जास्त सरळ खाली उतरते आणि हॅमर खाली झुकलेला असतो. हात उंचावर बसतो, म्हणजे नळीची रेषा आणि हात यांतले अंतर घटते. रिव्हॉल्व्हर फिरत नाही, सरळ मागे येते.

दिसायला ही मूठ ओबडधोबड. आजही कित्येकांना ती आवडत नाही, ‘उंटासारखी’ वाटते. रुगरने १९८०च्या दशकात तिच्याच धर्तीवर आपले बिस्ली मॉडेल आणले तेव्हा मात्र जड काडतुसांची हौस असणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतले. वायोमिंगमधील जॉन लाइनबॉ या गनस्मिथने आपल्या .४७५ आणि .५०० या अजस्त्र काडतुसांसाठी रुगरच्या बिस्लीचाच आधार घेतला. एवढा धक्का नांगराच्या मुठीवर घेतला तर हॅमर कपाळापर्यंत यायचा.

या दोन टोकांच्या मध्ये एक तोडगा आहे. एल्मर कीथ हा गुरे राखणारा, शिकारी आणि शस्त्रविषयक लेखक. .४४ मॅग्नम जन्माला यावे म्हणून अनेक वर्षे घोशा लावणारा तो हाच. ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकाच्या एप्रिल १९२९च्या अंकात त्याने स्वतःसाठी घडवून घेतलेल्या ‘नंबर पाच’ रिव्हॉल्व्हरची माहिती दिली. मुठीची मागची पट्टी बिस्लीची, पुढची बाजू सिंगल ॲक्शन आर्मीची. कारखान्याची मूठ जमत नाही म्हणून दोन मुठी कापून एक केली. इंजिनीअरिंग वर्कशॉपमध्ये जॉब बिघडल्यावर मुले जो जुगाड करतात, त्याचीच ही सुबक आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

करंगळीचे काय करायचे?

मध्यम पंजाच्या माणसाचीही चार बोटे जुन्या कोल्टवर मावत नाहीत. मग करंगळी मुठीच्या बुडाखाली दुमडून ठेवायची, ही फार जुनी पद्धत. विचित्र वाटते, पण ज्यांना सवय होते त्यांना दुसरे काही जमत नाही. खालून आधार मिळाल्याने मूठ हातात एकसारखी फिरते. एकच जागा धोक्याची. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, मूठ टेकवून नेम तपासताना करंगळी खाली राहिली तर ती रिव्हॉल्व्हर आणि टेबल यांच्यात चिरडते. एकदा झाले की पुन्हा कुणी करत नाही.

ज्यांना करंगळी दुमडायची नाही त्यांच्यासाठी १८६०च्या ‘आर्मी’ रिव्हॉल्व्हरसारखी किंचित लांब मूठ हा पर्याय आहे. पण इथे खर्चाचा मुद्दा येतो. मुठीचा धातूचा सांगाडा बदलणे हे गनस्मिथचे काम. त्यावरच्या दोन लाकडी पट्ट्या बदलणे हे मालकाचे काम, स्क्रूड्रायव्हर पुरतो. त्यामुळे सुरुवात नेहमी पट्ट्यांपासून करावी.

इथेच बहुतेकांची निवड चुकते. हात घसरतो म्हणून लोक बारीक चौकटी कोरलेल्या, खरखरीत पट्ट्या घेतात. पण नांगराची मूठ फिरणारच, आणि फिरताना खरखरीत लाकूड तळहातावर कानशीसारखे चालते. या मुठीला गुळगुळीत लाकूड बरे. (जनरल पॅटन यांच्या १९१६ साली घेतलेल्या प्रसिद्ध कोल्टवर हस्तिदंती पट्ट्या होत्या. लोक त्यांना आजही मोती समजतात.) रबराचे कव्हर हा दुसरा मार्ग. पॅकमायरसारख्या कंपन्यांची रबरी मूठ गार्डमागची पोकळी भरून काढते, त्यामुळे मध्यमा वाचते. मात्र रबर घसरत नाही. जो धक्का फिरण्यात जिरला असता तो मनगटात जातो आणि अंगठा हॅमरपर्यंत न्यायला मूठ पुन्हा धरावी लागते. शिवाय जुन्या रिव्हॉल्व्हरवर काळे रबर कसे दिसते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोल्हापूरची नेमबाज काय वेगळे करते?

महाराष्ट्रात मुठीचा विचार होतो तो ऑलिंपिक प्रकारांच्या पिस्तुलात. २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकणारी कोल्हापूरची राही सरनोबत ज्या प्रकारात खेळते, तिथे लाकडी मूठ नियमांच्या चौकटीत राहून खेळाडूच्या पंज्याप्रमाणे घडवता येते. कुठे कानस मारायची, कुठे पुट्टी भरायची. प्रत्येक बोट दर वेळी त्याच जागी बसावे, हाच त्यामागचा हेतू. काडतूस .२२चे, धक्का नगण्य.

सिंगल ॲक्शनमध्ये नेमके उलटे आहे. इथे हात हलणार हे गृहीत आहे. प्रत्येक गोळीनंतर तो परत त्याच जागी येतो का, एवढेच तपासायचे असते.

मग आपल्या हाताची मूठ ओळखायची कशी?

आधी लोडिंग गेट उघडून सहाही घरे रिकामी आहेत याची खात्री, दोनदा. मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून रिव्हॉल्व्हर हातात घ्यायचे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधले बेचके मुठीच्या मागच्या पट्टीवर मध्यभागी यावे, नळी आणि पुढचा हात एका रेषेत दिसावेत. डोळे मिटून हात समोर उचलायचा आणि डोळे उघडायचे. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप आली असेल तर मूठ जमली. ती फार वर किंवा एका बाजूला दिसत असेल तर हात मुठीशी भांडतो आहे.

त्यानंतर हॅमर ओढून बघायचा. अंगठा ताणावा लागला, टोकावरच राहिला, तर ती मूठ सोडून द्यावी. याचे कारण सोय नव्हे, सुरक्षितता. कोल्टच्या मूळ रचनेत हॅमर खाली असताना त्याचे टोक थेट काडतुसावर टेकते. अर्धवट ओढलेला हॅमर अंगठ्यातून निसटला किंवा रिव्हॉल्व्हर खाली पडले तर गोळी सुटू शकते. म्हणूनच सहा घरांच्या या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरून हॅमर रिकाम्या घरावर ठेवण्याचा नियम आहे. रुगरने १९७३मध्ये ट्रान्स्फर बार बसवून हा धोका दूर केला. त्याआधीच्या आपल्या रिव्हॉल्व्हरमध्येही कंपनी सुधारित भाग मोफत बसवून देते. तरीही अमेरिकेत जुनी, न बदललेली रिव्हॉल्व्हर हातोहात फिरत असतात.

दोन्ही हातांनी धरणाऱ्यांसाठी सोपी युक्ती आहे : हॅमर डाव्या अंगठ्याने ओढायचा. उजवी मूठ जागची हलतच नाही. जुन्या पोशाखात काऊबॉय पद्धतीच्या स्पर्धा खेळणारे बहुतेक जण हेच करतात. फक्त डावा अंगठा सिलिंडरच्या पुढच्या फटीपाशी कधीही जाऊ द्यायचा नाही. तिथून बाहेर पडणारा तप्त वायू कातडी फाडतो.

शेवटची परीक्षा खर्चिक नाही. दुसऱ्याला सांगून काही घरांत भरलेली आणि काहींत झाडून झालेली रिकामी काडतुसे टाकून घ्यायची. कोणत्या घरात काय, हे आपल्याला माहीत नसावे. ट्रिगर दाबल्यावर नुसताच ‘टक’ आवाज आला आणि त्याच क्षणी नळी खाली झुकली, तर हात धक्क्याला घाबरला आहे. असा घाबरलेला हात घेऊन शिकारीला जाणारा माणूस जनावर जखमी करून सोडतो. मॅग्नम बाजूला ठेवायचे, त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल भरायचे आणि नळी झुकायची थांबेपर्यंत त्यावरच राहायचे. पट्ट्या बदलून, बोट थोडे खाली घेऊन, स्पेशल वापरूनही मध्यमा सोललीच, तर मग गनस्मिथचा पत्ता शोधायचा.